भिवंडीच्या गोदामाचं मॉडेल बांधण्याआधी

गोदामात ट्रक कसे येतात, थांबतात आणि रिकामे होतात याची संगणकावरची नक्कल, म्हणजे सिम्युलेशन मॉडेल, बांधायचं असेल तर सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिच्यातलं फुकटचं सिमपाय पुरतं. साहेबांना पडद्यावर ट्रक हलताना बघायचे असतील तर एनीलॉजिक.

आधी कागदावर एकच प्रश्न लिहा आणि पैसे देणाऱ्याकडून तो कबूल करून घ्या. ‘गोदामाचं सिम्युलेशन करायचंय’ हा प्रश्न नव्हे. ‘दिवाळीच्या गर्दीत आणखी एक डॉक (ट्रक लावून माल उतरवायची जागा) बांधावा लागेल, की माथाडींची एक टोळी वाढवून भागेल?’ हा प्रश्न. एवढं ठरलं की काय मोजायचं आणि काय सोडायचं, ते आपोआप कळतं.

मग गेटवरचं रजिस्टर मागवा, पण त्यावर विसंबू नका. तिथल्या वेळा बहुधा पंधरा मिनिटांच्या पटीत असतात. वॉचमन चहा पिऊन आल्यावर तीन गाड्या एकदम लिहितो. दोन-तीन दिवस स्वतः घड्याळ घेऊन उभे राहा. गाडी गेटवर कधी आली, डॉकला कधी लागली, पहिली पेटी कधी उतरली, हे वेगवेगळं टिपा. ई-वे बिलातला गाडी नंबर चुकला म्हणून बाजूला उभी केलेली गाडीही टिपा. तीच पुढे सरासरीची वाट लावते.

सरासरीवर मॉडेल का बांधायचं नाही, ते बघा. एक डॉक, सरासरी तासाला एक ट्रक, उतरवायला सरासरी ५४ मिनिटं. कागदावर सहा मिनिटं उरतात. पण ट्रक आपल्या मर्जीने आले आणि उतरवायची वेळही तशीच कमी-जास्त झाली (दोन्ही एक्स्पोनेन्शियल धरा, म्हणजे बहुतेक वेळा थोडा वेळ, अधूनमधून खूप जास्त), तर रांगशास्त्राच्या सूत्राने एका ट्रकचे आवारात सरासरी ९ तास जातात. तेच काम ४८ मिनिटांवर आणा, ९ चे ४ होतात. सहा मिनिटांत पाच तास! तुमचं मॉडेल आधी याच सोप्या उदाहरणावर दीर्घकाळ चालवा; उत्तर ९ च्या आसपास येत नसेल तर पुढे जाऊ नका.

प्रत्यक्षात गाड्या इतक्या स्वतंत्रपणेही येत नाहीत. ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. ती उठली की घोळका येतो. म्हणून आवक तासवार मांडा, आणि पावसाळा व दिवाळी एकाच सरासरीत घालू नका. तसंच ‘कामगार : १२’ असं लिहू नका. माल टोळी उतरवते, आणि अर्धी टोळी म्हणजे अर्धं काम नव्हे.

चोवीस तास चालणारं गोदाम मॉडेलमध्ये मात्र रिकामं सुरू होतं, तेव्हा सुरुवातीचा काळ हिशेबातून वगळा. एकदा चालवून निष्कर्ष नको. वेगवेगळ्या सीडवर (संगणकाचे यादृच्छिक आकडे कुठून सुरू होतात ते ठरवणारा अंक) वीस-तीस वेळा चालवा. डॉक आणि टोळी यांची तुलना करताना दोन्हींना तेच ट्रक, त्याच वेळी पाठवा, नाहीतर फरक पर्यायाचा की नशिबाचा ते कळणार नाही.

शेवटी मागच्या महिन्यातला एखादा दिवस मॉडेलमध्ये चालवून मुकादमाला दाखवा. माझ्या मॉडेलकडे बघून एकाने विचारलं होतं, “साहेब, एक ते दोन तुमच्याकडे माल कोण उतरवतं?” जेवणाची सुट्टी मी घातलीच नव्हती. ती घाला, आणि मगच नवा डॉक जोडून बघा.