स्टोमा आहे आणि पोटाचा व्यायाम करायचाय? या चुका टाळा

ऑपरेशननंतर पोट सैल पडलं की आधी डोक्यात येतात ते क्रंचेस नाहीतर कपालभाती, आणि गडबड तिथेच होते. स्टोमा म्हणजे शौच बाहेर पडायला पोटावर केलेलं तोंड, तो बनवताना आतडं बाहेर आणायला पोटाच्या स्नायूंमधून वाट केलेली असते, ती जागा पुढेही कमजोरच राहते, आतून सारखा जोर पडला की तिथून आतडं बाजूला बाहेर सरकू शकतं, हाच पॅरास्टोमल हर्निया. तो स्टोमावाल्यांमध्ये बराच कॉमन आहे, म्हणून पोट मजबूत करायचंच, फक्त पोटावर जोर न आणता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे श्वास रोखून जोर लावणं. उचलताना, उठताना, व्यायाम करताना जोर लावायच्या क्षणी श्वास सोडा, एवढी एकच सवय लागली तरी खूप झालं! बेडवरून सरळ उठून बसू नका, आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा. खोकला किंवा शिंक आली की स्टोमावर हात धरा. आणि कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा) असेल तर बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कुंथणं हाही जोरच.

काहीजण मात्र घाबरून काहीच करत नाहीत, तेही चूकच, कारण मग स्नायू अजून ढिले पडतात. चालणं लवकर सुरू करा. मग सर्जनने हो म्हटलं की पाठीवर झोपून गुडघे वाकवा, श्वास सोडत बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या, बोलता येईल इतपतच, आणि थोडे सेकंद धरून सोडा. हे जमलं की कंबर जमिनीला टेकवणं, मग दोन्ही गुडघे जोडून थोडे डावी-उजवीकडे झुकवणं. दिसायला काहीच नाही वाटत, पण पाया हाच आहे. प्लँक, नौकासन, सूर्यनमस्कार नंतर बघू, आणि भुजंगासन-धनुरासनात तर स्टोमा जमिनीवर दाबला जातो. व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उंचवटा आला किंवा स्टोमाभोवती फुगलं तर तो व्यायाम तुमच्यासाठी अजून जड आहे, एक पायरी मागे या.

घरातली वजनं लोक विसरतात. गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये नुसता गॅसच 14.2 किलो असतो, वर लोखंड वेगळं, त्यामुळे तो दुसऱ्यालाच हलवू द्या, भरलेली बादली आणि नातवंडंसुद्धा सुरुवातीचे काही महिने नकोच.

पोटाला आधाराचा पट्टा लावला म्हणजे काहीही करता येतं असं नाही, तो आधार आहे, स्नायूंचं काम तो करत नाही, आणि मापाशिवाय घट्ट आवळला तर स्टोमावरची शौच जमा होणारी बॅग नीट भरत नाही आणि लीक होते. माप स्टोमा नर्सकडूनच घ्या.

चक्कर येते, पायात गोळे येतात? इलिओस्टॉमीत (लहान आतड्याच्या स्टोमात) मीठ-पाणी जास्त जातं, घामाने अजून, त्यात नुसतं पाणी ढोसलं तर आउटपुट (बॅगेत येणारं शौच) उलट वाढतं, म्हणून ओआरएस घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात (बीपी-किडनीवाल्यांनी डॉक्टरांना विचारून). व्यायामाआधी बॅग रिकामी करा.

स्टोमाशेजारी नवा फुगवटा दिसला, जो झोपल्यावर आत जातो, तर व्यायाम थांबवून दाखवून घ्या. पण फुगवटा आत जाईना, जोरात दुखतंय, उलट्या होतायत, बॅगेत काहीच येत नाही किंवा स्टोमा काळा-जांभळा दिसतोय, तर शेक किंवा मालिश करत बसू नका, लगेच कॅज्युअल्टी गाठा.