साठ कार्डांची तयारी: पहिल्या स्पर्धेआधीचे पंधरा दिवस

पोकेमॉन कार्ड गेमची तुमची पहिली स्पर्धा पंधरा दिवसांवर आली असेल, तर आजच आयोजकाला फोन करून चार गोष्टी विचारून घ्या. फॉरमॅट (कोणती कार्डं चालतात याचे नियम) कोणता, डेकची, म्हणजे तुमच्या साठ कार्डांच्या गठ्ठ्याची, यादी कागदावर द्यायची की ऑनलाइन भरायची, एका फेरीत एकच डाव की तीनपैकी दोन, आणि नावनोंदणी किती वाजता बंद होते. पुढची बरीचशी तयारी या चार उत्तरांवर ठरते. प्लेअर आयडी, म्हणजे खेळाडू म्हणून तुमचा नोंदणी क्रमांक, काढलेला नसेल तर तोही आजच काढा. लहान मुलाचं खातं पालकांनाच उघडून द्यावं लागतं, आणि ज्युनिअर, सीनिअर की मास्टर्स हा वयोगट जन्मवर्षावरून ठरतो, म्हणून जन्मतारीख भरताना घाई नको.

फॉरमॅट स्टँडर्ड, म्हणजे फक्त अलीकडच्या कार्डांचा, असेल तर सगळी कार्डं सतरंजीवर पसरा आणि प्रत्येकाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे बारीक चौकटीत एक इंग्रजी अक्षर असतं. रोटेशन, म्हणजे जुनी कार्डं बाद करणं, झालं की सगळ्यात जुनं अक्षर बाद होतं. सध्या कोणती अक्षरं चालतात हे अधिकृत नियमांतच बघा, मित्राच्या आठवणीवर विसंबू नका. जुनं अक्षर दिसलं म्हणून कार्ड लगेच बाजूला टाकायचीही गरज नाही. तेच कार्ड नव्या संचात पुन्हा छापलं गेलं असेल, तर तुमच्याकडची जुनी प्रतही चालते. बेसिक एनर्जीला, म्हणजे हल्ल्याला ताकद पुरवणाऱ्या साध्या कार्डांना, तर वयाची अटच नाही.

कार्डं पसरलेली आहेत तोवर नकली कार्डंही वेगळी काढा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी सोनेरी प्लास्टिकची कार्डं मुलांना जिवापाड प्रिय असतात, आणि कितीतरी जणांचं या खेळाशी नातं त्याच पाकिटातून जुळलेलं असतं. ती जपून ठेवा, पण स्पर्धेच्या डेकमध्ये घालू नका. कागदी नक्कल ओळखायची तर ती खऱ्या कार्डाशेजारी ठेवून पाठीचा निळा रंग आणि अक्षरांची जाडी ताडून बघा. मग कड डोळ्यांसमोर धरा: खऱ्या कार्डाच्या थरांमध्ये एक बारीक काळपट रेघ दिसते. जपानी कार्डं अस्सल असली तरी त्यांची पाठच वेगळी असते. ती चालतील असं गृहीत धरू नका.

डेक हातात नसेल तर बूस्टर पाकिटं फोडत बसू नका. एका पाकिटात दहा कार्डं निघतात, आणि त्यात तुम्हाला हवं तेच कार्ड, तेही चार वेळा, निघेल या आशेवर पैसे पाण्यासारखे जातात. लीग बॅटल डेक नावाचे साठ कार्डांचे तयार संच मिळतात. त्यातला एखादा घ्यावा आणि उरलेली कार्डं सुटी विकत घ्यावीत, हा माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात शहाणा रस्ता. विकत घेण्याआधी सरावासाठी कागदावर नाव लिहून तो कागद दुसऱ्या कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, सरकवला तरी चालतं. स्पर्धेत असली कामचलाऊ कार्डं चालत नाहीत, घरात मात्र खुशाल वापरा.

डेक दहा दिवस आधी पक्का करा आणि मग त्याला हात लावू नका. या लेखातलं एकच वाक्य पाळणार असाल तर हे पाळा. प्रत्येक नवं कार्ड आत आलं की सरावाने डोक्यात बसलेली मोजणी विस्कटते. पक्कं करण्याआधी थोडं गणित जरूर करा. डेक बरोबर साठ कार्डांचा, आणि बेसिक एनर्जी सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं. ज्या कार्डाच्या चार प्रती ठेवल्यात ते सात कार्डांच्या पहिल्या हातात येण्याची शक्यता साधारण ४० टक्के असते. ज्याची एकच प्रत आहे ते सहा प्राइझ कार्डांत (डावाच्या सुरुवातीला पालथी बाजूला ठेवलेल्या कार्डांत) अडकण्याची शक्यता १० टक्के. डेकमध्ये बेसिक पोकेमॉन, म्हणजे थेट मैदानात उतरवता येणारे, ८ असतील तर पहिल्या हातात एकही न येण्याची शक्यता जवळजवळ ३५ टक्के होते, तेच १२ असतील तर १९. बेसिक नसलेला हात दाखवून पुन्हा पिसावं लागतं आणि दर खेपेला समोरच्याला एक जादा कार्ड घ्यायची मुभा मिळते. म्हणून "अजून एक बेसिक घालू का?" या प्रश्नाचं उत्तर मी तरी मनाला विचारत नाही, या आकड्यांना विचारते.

आता सराव. खरे दहा दिवस यातच जायला हवेत. डाव सुरू होताना प्रत्येक जण आपल्या डेकमधली सहा कार्डं न बघता पालथी बाजूला ठेवतो. ही प्राइझ कार्डं. समोरचा पोकेमॉन बाद केला की त्यातलं एक उचलायचं, काही बलाढ्य पोकेमॉनसाठी दोन किंवा तीन. म्हणजे डावाच्या सुरुवातीला तुमच्याच डेकची सहा कार्डं तुम्हाला दिसत नसतात, आणि ती कोणती हे ज्याला ठाऊक असतं तो वेगळाच डाव खेळतो. माझी आजी मेंढीकोट खेळताना कोणत्या दश्श्या अजून पडायच्या आहेत हे कधी विसरत नसे. ही तीच विद्या आहे. रोज रात्री डेक पिसा, सहा कार्डं पालथी ठेवा, उरलेला डेक हातात घ्या, मोबाइलवर साठ सेकंद लावा आणि त्या सहांत काय अडकलंय ते बोलून दाखवा. मग उलटून बघा. सगळी साठ ताडायला गेलात तर वेळ पुरणार नाही. आधी ज्यांची एकच प्रत आहे ती, मग तुमचा मुख्य हल्लेखोर आणि तो ज्याच्यापासून एव्हॉल्व्ह (विकसित) होतो ती साखळी, मग एनर्जीची संख्या. क्रम रोज तोच ठेवा. पहिल्या दोन रात्री मला सहांतली जेमतेम दोन सापडायची. आठवड्याभराने महत्त्वाचं कार्ड नजरेतून सुटेनासं झालं. खऱ्या डावात ही मोजणी अल्ट्रा बॉलसारख्या कार्डाने पहिल्यांदा डेक उघडता, तेव्हाच करायची. अल्ट्रा बॉलची किंमत म्हणून हातातली दोन कार्डं आधी टाकावी लागतात, तेव्हा इतक्या महागात उघडलेला डेक एकाच पोकेमॉनसाठी चाळून मिटू नका.

समोर कोण बसेल याचाही अंदाज हवा. लिमिटलेस या संकेतस्थळावर मोठ्या स्पर्धांतले डेक कार्डागणिक दिलेले असतात. त्यातले जास्त खेळले जाणारे तीन-चार निवडा आणि प्रत्येकाविरुद्ध किमान पाच डाव खेळा, काही आधी सुरू करून, काही नंतर. आधी सुरू करणाऱ्याला पहिल्या टर्नला हल्ला करता येत नाही आणि सपोर्टर (मदतनीस पात्राचं) कार्डही खेळता येत नाही, त्यामुळे एकाच डेकचा डाव दोन्ही बाजूंनी पार वेगळा लागतो. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे अ‍ॅप फुकट आहे आणि रात्री अकरालाही प्रतिस्पर्धी मिळतो. पण अ‍ॅप तुमच्यासाठी पिसतं, नुकसान मोजतं, विषाचा (पॉयझनचा) काउंटर, म्हणजे नुकसानाची खूण, आठवणीने ठेवतं. टेबलावर हे सगळं आपणच करायचं असतं. म्हणून निम्मा सराव तरी समोर माणूस बसवून करा. माझा भाचा अकरा वर्षांचा आहे आणि "आत्या, पॉयझन राहिलं!" हे त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की आता टर्न संपला की माझा हात आपोआप काउंटरकडे जातो.

तीनपैकी दोनच्या फेरीला सहसा ५० मिनिटं असतात. वेळ संपली की चालू टर्न पुरा करून आणखी तीन टर्न मिळतात, आणि तोवर निकाल लागला नाही तर बरोबरी होऊ शकते. जिंकल्याला ३ गुण, बरोबरीला १. सरावात घड्याळ लावूनच बसा. पहिला डाव हातातून गेलाय हे स्पष्ट दिसत असेल तर तो लवकर सोडून उरलेल्या दोन डावांसाठी वेळ वाचवणं हेही कौशल्यच आहे, आणि ते घड्याळाशिवाय अंगी येत नाही. विचाराला लागेल तो वेळ घ्या, पण मुद्दाम वेळ काढणं हा नियमभंग आहे.

पिसायलाही शिका. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं की ५२ पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत मिसळत पिसला, तर नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावा लागतो. आपला डेक साठांचा, म्हणून मी आठ वेळा पिसते. कार्डं एकेक करून टेबलावर ढिगांत वाटणं म्हणजे पिसणं नव्हे. त्याने फक्त साठ पूर्ण आहेत का एवढं कळतं.

स्लीव्हबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या हवेत हा विषय वेगळा होतो. मागची बाजू अपारदर्शक असलेले, एकाच पाकिटातले नवे स्लीव्ह स्पर्धेच्या दोन दिवस आधी चढवा आणि सहा-सात जादा बरोबर ठेवा. कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं. त्याहून लहान आकाराच्या खेळांचे स्लीव्ह चुकून आणू नका. खरी अडचण चकाकणाऱ्या फॉइल कार्डांची. मी डोंबिवलीत राहते. इथे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, तर फॉइल कार्ड कसं सपाट राहील? एका बाजूचा थर दमट हवा शोषतो, दुसऱ्या बाजूचा शोषत नाही, आणि कार्ड कमानीसारखं वाकतं. साठांत चारच कार्डं वाकलेली असली तर डेक काटताना बोट नेमकं तिथेच थांबतं, आणि जजच्या दृष्टीने ती खूण केलेली कार्डं ठरू शकतात, मनात काहीही नसलं तरी. सोपा उपाय म्हणजे त्या कार्डाची साधी प्रत वापरणं. ती स्वस्तही मिळते. फॉइलच वापरायचं असेल तर डेक बॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा आणि आधीचे काही दिवस कार्डं जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा. मग स्लीव्ह चढवलेला डेक टेबलावर ठेवून डोळे टेबलाच्या पातळीवर आणा. कुठे फट दिसली तर ते कार्ड बदला.

डेकची यादी तीन दिवस आधी लिहा. कार्डाचं नाव, संच, क्रमांक आणि प्रती, सगळं कार्ड समोर ठेवून लिहा, आठवणीतून नको. एकाच नावाचे, पण वेगळे हल्ले असलेले पोकेमॉन वेगवेगळ्या संचांत असतात, त्यामुळे पोकेमॉनच्या बाबतीत क्रमांक सोडून चालत नाही. शेवटी बेरीज करा आणि दुसऱ्या कुणाकडून एकदा ताडून घ्या. माझ्या दुसऱ्याच स्पर्धेच्या आदल्या रात्री मी दोन कार्डं बदलली आणि यादी तशीच राहिली. दुसऱ्या फेरीआधी जजने डेक तपासला, यादीशी जुळला नाही आणि न खेळताच एक डाव माझ्या नावावर हार म्हणून लागला. समोरची मुलगी माझ्यापेक्षा जास्त हळहळली. तिला खेळायचं होतं. त्या दिवसापासून यादी लिहून झाली की माझा डेक बॉक्स बंद होतो तो स्पर्धेच्या टेबलावरच उघडतो.

पिशवीत काय घालायचं ते फार नाही. नुकसान मोजायला सारख्या आकाराचे फासे, पॉयझन (विष) आणि बर्न (भाजणं) यांच्या खुणा, नाणेफेकीसाठी एक पारदर्शक फासा, प्लेमॅट असेल तर तो, वही-पेन, यादीची जादा प्रत, पाण्याची बाटली. पाणी टेबलावर ठेवू नका, पायाशी ठेवा. डबा कोरडा हवा: पोळीची गुंडाळी, खाकरा, चिक्की, केळं. तेलकट वड्याचा हात स्लीव्हला लागला की तो डाग दिवसभर तुमची पाठ सोडत नाही. छोटा नॅपकीन ठेवाच, मुंबईत घामाने हात चिकट होतात. लोकलने जाणार असाल तर डेक बॉक्स पाठीवरच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नको, आतल्या कप्प्यात हवा.

टेबलावर बसल्यावर समोरच्याला नाव विचारा, नमस्कार करा, डेक काटायला पुढे करा आणि त्याचाही काटा. प्रत्येक चाल तोंडाने बोला: "एनर्जी लावली," "सपोर्टर खेळले," "टर्न संपला." एका टर्नमध्ये एनर्जी एकदाच लावता येते आणि सपोर्टर एकच खेळता येतो. बोलायची सवय असली की हे दोघांच्याही लक्षात राहतं. एखाद्या कार्डाचा अर्थ लागला नाही तर हात वर करून जजला बोलवा. त्यात समोरच्याचा अपमान नसतो आणि तुमचा कमीपणाही नसतो. स्पर्धा स्विस पद्धतीची असली तर, बुद्धिबळवाल्यांना हे ठाऊक असेल, पहिली फेरी हरलात तरी बाहेर पडत नाही. पुढच्या फेरीत तुमच्याइतकेच गुण असलेला कुणीतरी समोर येतो. दोन फेऱ्यांमधल्या वेळात हरलेला डाव चारचौघांना रंगवून सांगू नका. केळं खा, थोडं चाला, वहीत एक ओळ लिहा: कोणतं कार्ड हवं होतं आणि ते कुठे अडकलं होतं. घरी आल्यावर डेक बदलायचा की नाही, याचं उत्तर त्या ओळींतच सापडतं.

आदल्या रात्री सराव नको. साठ मोजा, स्लीव्ह बघा, फोन चार्जिंगला लावा आणि झोपा. नावनोंदणी बंद होण्याच्या अर्धा तास आधी पोचायचं ठरवून गाडी निवडा. रविवार असेल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारीच बघा.

आणि प्रत्येक फेरी संपली की टेबलावरून उठण्याआधी साठ मोजा. कार्ड समोरच्याच्या ढिगात जातं, प्लेमॅटखाली सरकतं, खुर्चीखाली पडतं. शेवटच्या फेरीनंतरही मोजा, सगळे आवराआवर करत असले तरी.