हरणं दिसत नाहीत? चंद्राला दोष देण्याआधी या चुका टाळा

नोव्हेंबर जवळ आला की अमेरिकेत विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनियातल्या शिकाऱ्यांच्या गप्पांत चंद्र हमखास डोकावतो. यंदा पौर्णिमा उशिरा, म्हणजे नरही उशिरा माजावर येणार, असा हिशेब मांडला जातो. संशोधकांनी तो केव्हाच मोडीत काढलाय. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा माज दिवस किती लहान झाला यावर ठरतो, आणि दिवसाची लांबी दरवर्षी त्याच तारखांना तेवढीच असते. उत्तरेकडच्या राज्यांत बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याच्या आगेमागे गाभण राहतात आणि सुमारे २०० दिवसांनी पाडसं जन्मतात. ज्या वर्षी उकाडा लांबतो, त्या वर्षी माजाची धावपळ रात्रीवर जाते आणि आपण म्हणतो, माज उशिरा आला.

(भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरीण मारणं गुन्हा आहे. हे सगळं अमेरिकेत परवाना काढून, हंगामात शिकार करणाऱ्या मंडळींसाठी.)

रोज त्याच मचाणावर बसणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि नेमकी हीच कुणाला चूक वाटत नाही. सप्टेंबरात रानात लावलेल्या कॅमेऱ्यात दिवसाउजेडी फिरणारा मोठा नर हंगाम सुरू झाला की फक्त रात्रीच दिसतो. मग ‘शेजारच्या रानात गेला’ किंवा ‘कुणीतरी मारला’ असं ठरवून माणूस मोकळा होतो. साउथ कॅरोलिनात नरांना जीपीएस कॉलर लावून झालेल्या अभ्यासात वेगळंच चित्र दिसलं. नर मुलूख सोडून गेले नव्हते. जिथे माणूस बसतो ती जागा ते दिवसा टाळत होते आणि अंधारात बिनधास्त येत होते. एकदा शिकारी बसून गेला की तिथली दिवसाची वर्दळ पूर्ववत व्हायला साधारण तीन दिवस लागत होते. हंगाम पुढे सरकेल तसं टाळणं वाढतच गेलं.

म्हणजे शनिवारी बसलात, रविवारी पुन्हा तिथेच बसलात, तर दुसरा दिवस जवळपास वाया. तीन-चार जागा तयार ठेवा आणि सगळ्यात चांगली जागा वारा जुळेपर्यंत शिवूसुद्धा नका. कॅमेऱ्याचं कार्ड काढायला दर दोन दिवसांनी जाणं हाही त्रासच. हरणाच्या नाकाला तुम्ही बंदूक घेऊन आलात की कार्ड बदलायला, यात फरक नाही.

वारा फक्त फोनवर बघणं

फोन सांगतो पश्चिमेचा वारा. पण तुम्ही ज्या घळीच्या काठावर बसलात, तिथे काय चाललंय ते फोनला कुठून कळणार? सकाळी ऊन पडलं की तापलेली हवा उतारावरून वर चढते; संध्याकाळी गारवा आला की तीच जड होऊन खाली ओघळते. दुपारी चोख असलेली जागा सूर्य कलल्यावर तुमचा वास थेट घळीत, म्हणजे हरणांच्या वाटेवर, नेऊन सोडते.

यावर स्वस्त उपाय आहे. शेताच्या बांधावर उगवणाऱ्या मिल्कवीडच्या शेंगा खिशात ठेवा. आपल्या रुईच्या कुळातलंच झाड ते. तशाच म्हाताऱ्या उडतात. एक सोडायची आणि नजरेआड होईपर्यंत बघत राहायचं. वीस पावलं सरळ जाऊन ती अचानक वळून खाली बुडी मारते, तेव्हा उमगतं की वारा बघायची पावडरची बाटली दाबून हे कधी दिसलंच नसतं. अंगाचा वास दाबणारे महागडे कपडे घ्यायचे तर घ्या, माझा त्यांच्यावर फारसा भरवसा नाही.

वारा सुटला म्हणून घरी बसणंही बरोबर नाही. पेन स्टेट विद्यापीठाने कॉलर लावलेल्या माद्या वाऱ्याच्या दिवशी उलट थोड्या जास्तच फिरल्या.

नारिंगी जाकिटाची भीती, निळ्या जीनची नाही

हरणाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. तांबड्या रंगाची जाण त्याला नाही. भडक नारिंगी त्याला मळकट दिसतो. निळा मात्र आपल्यापेक्षा जास्त खुपतो, आणि अतिनील किरणं त्याच्या डोळ्यात शिरतात. म्हणून नारिंगी घाला, कायदाही तेच सांगतो. जीन आणि ‘जादा शुभ्र’ करणारी साबणपूड टाळा. आणि हलू नका. रंगापेक्षा हालचाल आधी टिपली जाते.

जंगल गर्द म्हणजे हरणं भरपूर, हा समज

उंच झाडांच्या दाट छताखाली उन्हाचा कवडसा पडत नाही, मग हरणाच्या तोंडाला पोचेल असं हिरवं उगवतच नाही. ज्या वर्षी ओकची फळं गळतात त्या वर्षी गोष्ट वेगळी, पण ओक दरवर्षी तेवढा देत नाही. खासगी जमीन असेल तर हरणांना टाकायला मक्याची पोती आणण्याआधी थोडी झाडं विरळ करा. ऊन जमिनीवर आलं की कोवळा पाला आणि लपण दोन्ही मिळतं.

एकटी ‘मादी’ दिसली की घाईने गोळी

कळप सोडून एकटंच बिनधास्त उघड्यावर आलेलं बिनशिंगी हरीण अनेकदा त्याच वर्षीचं नर पाडस असतं. डोकं बघा: कानांमध्ये माथा सपाट असेल, शिंगांच्या जागी बारीक टेंगळं असतील, तर नर. मोठ्या मादीचा माथा गोलसर, मुस्कट लांब आणि अंग लांबट. शेजारी दुसरं हरीण येईपर्यंत थांबलात तर मापही कळतं.

खाद्य टाकून बोलावणं

बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे, कारण एका ढिगावर तोंडं जमली की सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग पसरायला वाव मिळतो. कोलोरॅडोत १९६७मध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला, विस्कॉन्सिनमध्ये २००२मध्ये. लाळेतून, मूत्रातून पडलेली त्याची विकृत प्रथिनं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. लागण झालेलं हरीण वरकरणी धडधाकट दिसू शकतं, आणि मांस शिजवल्याने ती प्रथिनं नष्ट होत नाहीत. बाधित भागात शिकार केली असेल तर नमुना तपासायला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळी चिठ्ठी लावून फ्रीझरमध्ये ठेवा. विस्कॉन्सिनमध्ये ही तपासणी फुकट होते.