चाबूक म्हणालो आणि फसलो

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी व्हायवात प्रश्न आला, "जिवाणूची कशाभिका कशी हलते?" मी ठोकून दिलं, "चाबकासारखी, एटीपीवर." मॅडम नुसत्या हसल्या. उत्तराचे दोन्ही तुकडे चूक होते. कशाभिका म्हणजे पेशीला पोहायला लावणारा बारीक धागा, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन आणि 'कशा' म्हणजे चाबूक. नावानंच घात केला.

मायक्रोबायोलॉजीला नवे असाल तर नाव एक, यंत्रं दोन हे आधी पक्कं करा. जिवाणूची कशाभिका जेमतेम 20 नॅनोमीटर जाड. ती स्वतः वळवळत नाही. तिच्या बुडाशी मोटर असते आणि बहुतेक जिवाणूंत ती आत शिरणाऱ्या प्रोटॉनच्या ओघावर फिरते. 1974 साली सिल्व्हरमन आणि सायमन यांनी ई. कोलाय या जिवाणूची कशाभिका काचेला चिकटवली, तर अख्खा जिवाणूच गरगरू लागला! युग्लीना या एकपेशीय जिवाचं तसं नाही. तिथली कशाभिका दहापट जाड, आत नलिकांच्या नऊ जोड्या आणि मधोमध दोन सुट्या. डायनीन हे प्रथिन एटीपी खर्चून या जोड्या एकमेकींवरून सरकवू पाहतं, म्हणून ती वाकते. चाबूक शोभतो तो इथे.

प्रॅक्टिकलला हँगिंग ड्रॉप, म्हणजे काचेखाली लोंबत्या थेंबात जिवाणू बघणं, येतोच. थेंबात सगळंच थरथरताना दिसतं आणि आपण खुशाल 'मोटाइल' (स्वतः पोहणारा) लिहून मोकळे होतो. जागच्या जागी थरथर म्हणजे ब्राउनियन हालचाल, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांची. सगळे एकाच दिशेला वाहत असतील तर तो थेंबातला प्रवाह. शेजारचे दोन जिवाणू वेगवेगळ्या वाटेनं गेले, तरच 'मोटाइल' लिहा. मी बाजूला स्टॅफिलोकॉकस या जिवाणूची स्लाइड ठेवायचो. तो पोहत नाही, त्यामुळे फरक लगेच कळतो. काचेच्या कडा बंद करणारं व्हॅसलिन कमी पडलं की थेंब सुकतो, आणि मुंबईच्या मे महिन्यात वरच्या पंख्याखाली तर बघायलाच नको.

दादरच्या तलावात भिंतीला लाथ मारली की आपण थोडे पुढे सरकत राहतो. जिवाणूला ती चैन नाही. मोटर थांबली की तो त्याच क्षणी थांबतो. त्याच्या आकारमानाला पाणी मधाहून घट्ट.

हे सगळं मला खरं पटलं ते गॅलरीतल्या कुंडीखालच्या ताटलीमुळे. जुलैत तिच्यात हिरवं पाणी साचलं होतं. थेंबभर कॉलेजात नेलं, तर त्यात युग्लीना. कशाभिका दिसेना, म्हणून कडेनं आयोडीन सोडलं. युग्लीना मेली, पण कशाभिका दिसली. मी मागच्या टोकाला शोधत होतो. ती पुढे होती.