सोलापुरात राहून वार्धक्याचा अभ्यास मायनर म्हणून कसा करावा

वार्धक्याचा अभ्यास मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय, म्हणून करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने विषयांची यादी उघडण्यापूर्वी एक माणूस डोळ्यांसमोर आणावा. सोलापूरच्या पूर्वभागातल्या, चाळीस वर्षे विड्या वळलेल्या एखाद्या आजी घ्या. त्यांचे मान-पाठीचे दुखणे शरीरशास्त्राकडे जाते, भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनचा हिशेब अर्थशास्त्राकडे, मुलगा पुण्याला गेल्यानंतरचे एकटेपण मानसशास्त्राकडे आणि निर्वाहखर्चासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे करावयाचा अर्ज आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्याकडे.

आपल्या महाविद्यालयात या नावाचा मायनर नसेल, तर समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र यांपैकी एक विषय मायनर म्हणून घ्यावा, दुसऱ्या शाखेतील पेपर ओपन इलेक्टिव्हमध्ये (मुक्त निवडीच्या विषयांत) बसतात का ते पाहावे आणि क्षेत्र प्रकल्पाचा विषय वार्धक्य हाच ठेवावा. निवड कायम करण्यापूर्वी विभागप्रमुखांशी बोलून मान्य झालेले लेखी घ्यावे. संख्याशास्त्राची पायाभूत ओळख मात्र टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यापुढील वयाचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती घेतली गेली, आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती माहिती अभ्यासकांना अर्ज केल्यावर देते. साठीची वाट न पाहता पाहणी ४५ पासून का सुरू केली असेल, हा प्रश्न पहिल्याच सत्रात स्वतःला विचारावा.

खरे काम प्रत्यक्ष भेटीत आहे, आणि तिथे पहिली अडचण वयाचीच येते. कायद्याच्या दृष्टीने साठाव्या वर्षी माणूस ज्येष्ठ नागरिक होतो, श्रावणबाळ योजनेसाठी ६५ वर्षे लागतात आणि एसटीच्या मोफत प्रवासासाठी ७५. परंतु अनेक वृद्धांच्या आधार कार्डावर केवळ अंदाजाने नोंदलेली १ जानेवारी ही जन्मतारीख असते. अशा वेळी सरळ वय विचारू नये. बाहत्तरच्या दुष्काळात आपण खडी फोडायला गेला होतात का, तेव्हा लग्न झाले होते का, १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी थोरला मुलगा केवढा होता, असे विचारत जावे. दुष्काळात जी मुलगी पंधरा वर्षांची होती तिचा जन्म १९५७ च्या आसपासचा, हे गणित वहीत उत्तराशेजारीच मांडावे, म्हणजे मार्गदर्शकांना अंदाज कशावर बांधला ते दिसते.

दुसरी काळजी भाषेची आणि कानांची. पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी घरे पुष्कळ आहेत. घरातल्या सुनेला दुभाषी केले तर सुनेविषयीचे उत्तर मिळणार नाही, म्हणून ती भाषा येणारा वर्गमित्र सोबत न्यावा. आयुष्यभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभे राहिलेल्या कामगाराला कमी ऐकू येणे स्वाभाविक आहे, आणि त्याने भलतेच उत्तर दिले म्हणून ‘स्मृतिभ्रंश’ अशी नोंद करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या समोर, उजेडात बसून, सावकाश बोलून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. मुलाखतीला संमती आधी घ्यावी, नाव वहीत लिहू नये, आणि प्रकल्प सादर करण्यापूर्वी एकदा परत जाऊन आपण लिहिलेले त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे. ते जे खोडायला सांगतील ते खोडावे.