जुनी वंशावळ संगणकावर नेताना

पुण्यातल्या जुन्या घराण्यांकडे वंशावळ बहुधा दोन रूपांत असते: हाताने लिहिलेली वही आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली फाइल. दोन्ही एकत्र करून नव्याने मांडायच्या असतील तर एक पथ्य शेवटपर्यंत पाळा. आधी जसेच्या तसे हलवा, दुरुस्ती नंतर. उतरवता उतरवता 'गणू'चा 'गणेश' केला, की चूक मूळ वहीची की आपली हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

सुरुवात वहीपासून करा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाचा फोटो घ्या. पुठ्ठ्याची आतली बाजूही सोडू नका. जन्म-मृत्यूच्या तिथी कितीदा तरी तिथेच टिपलेल्या असतात. शिवण घट्ट असेल तर वही सपाट दाबू नका, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून अर्धीच उघडा. फोटोला 'वही1-पान07' असे नाव द्या. मोडीतली पाने जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे नावाचे शुद्धलेखन त्यावरून ठरवू नका.

टाइप केलेल्या फाइलीत खरी गोम असते. ती बहुतेक वेळा युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत (युनिकोड) रूढ होण्याआधीच्या, फाँटमध्ये असते. तो फाँट नसलेल्या संगणकावर तिथे नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. रूपांतर करणारी साधने मिळतात, मात्र निकाल डोळे झाकून स्वीकारू नका. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये दोन्हींची जागा उलट. साधन इथेच चुकते. म्हणून सगळ्यात आधी अर्जुन, दुर्गा, विश्वनाथ, कृष्णाजी, चऱ्होली, कऱ्हाड असे शब्द तपासा. 'चऱ्होली'तला अर्धा र युनिकोडमध्येही दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका तऱ्हेने शोधले तर दुसरी सापडत नाही. कोणती तरी एक तऱ्हा ठरवून सगळीकडे तीच करा.

आता तक्ता. एका ओळीत एकच व्यक्ती, आणि प्रत्येकीला कायमचा क्रमांक. 1.2.3 असा पिढीवार क्रमांक कायमचा म्हणून वापरू नका. एखादा विसरलेला थोरला भाऊ सापडला की खालचे सगळे आकडे बदलावे लागतात. 'व0001' असा साधा क्रमांक पुरतो. पुढचे 'व' हवेच, नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्ये खाऊन टाकते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजामुळे एका घराण्यात चार-चार 'रामचंद्र विनायक' निघतात. तिथे फक्त हा क्रमांकच कामाला येतो. वडील, आई आणि जोडीदार या रकान्यांत नावे न लिहिता त्यांचे क्रमांक लिहा. दत्तक असेल तर जन्मदाते आणि दत्तक घेणारे असे वेगळे रकाने ठेवा. स्त्रियांसाठी माहेरचे नाव, सासरचे नाव आणि माहेरचे आडनाव हे तीन रकाने अनिवार्य समजा. जुन्या वह्यांत 'कन्या 2' एवढेच लिहून त्यांना वगळलेले असते. अशा प्रत्येकीलाही क्रमांक देऊन जागा मोकळी ठेवा. शेवटचा रकाना आधाराचा: वहीचे पान, जन्मदाखला किंवा कुणाची तोंडी माहिती.

तारखांना वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने द्या, कारण एक्सेल 1900 पूर्वीची तारीख तारीख म्हणून ओळखत नाही. मूळ तिथी चौथ्या रकान्यात जशीच्या तशी राहू द्या. शकाचे इसवी सन करताना चैत्रापासून कार्तिकापर्यंत 78 मिळवा, माघ-फाल्गुनात 79, म्हणजे शके 1846 मधला माघ 1925 चा. मार्गशीर्ष आणि पौष मात्र संशयाचे, कारण 1 जानेवारी त्यांच्यापैकीच एकात येते. तिथे त्या वर्षाचे पंचांग पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका. म्हणजे शके 1846 मधला माघ 1925 चा. श्राद्धाच्या तिथीवरून महिना आणि दिवस कळतो, वर्ष कळत नाही. वर्षाचा रकाना रिकामाच ठेवा.

तक्ता पुरा झाला की ग्रॅम्प्ससारख्या वंशावळीच्या मोफत प्रोग्रॅममध्ये भरा आणि जेडकॉम फाइल काढा, म्हणजे वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेता येणारी फाइल. ती यूटीएफ-8 (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) मध्येच असावी, नाहीतर देवनागरी फुटते. मग ती दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडून माणसे मोजा. तक्त्यात 312 आणि इथे 309 असतील तर आधी ते तिघे शोधा, मगच पुढे जा.

मांडणी आता बदलायची. ए3 कागदावर चार पिढ्यांपलीकडे जाऊ नका, अक्षर बारीक होते आणि ज्येष्ठांना वाचता येत नाही. त्यापुढे शाखेनुसार वेगळी पाने करा. हयात व्यक्तींची जन्मतारीख आणि पत्ता छापू नका. एक प्रत पुण्याबाहेरच्या नातलगाकडे जरूर असू द्या. 12 जुलै 1961 ला पानशेतचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, तेव्हा वाड्यावाड्यांतले कागद भिजले.

पहिला छापील खर्डा रुंद समास ठेवून घरातल्या वडीलधाऱ्या आत्या-मावश्यांना द्या, सोबत पेन्सिल. त्यांनी समासात लिहिलेले प्रत्येक नाव तक्त्यात चढवा आणि सांगणारीचा क्रमांक आधाराच्या रकान्यात लिहा.