महिला खेळातील समानतेवर इतिहासाचा प्रकल्प करताय? या चुका टाळा

‘महिला खेळातील समानता’ हा विषय घेतला की पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या वहीत एकच गोष्ट तयार होते: यादी. कविता राऊत, पी. टी. उषा, मेरी कोम, साक्षी मलिक. जन्म, गाव, पदकं, पुरस्कार आणि एक रंगीत फोटो. मेहनत खरी असते, माहितीही बरोबर असते. तरी तो इतिहासाचा प्रकल्प होत नाही. कोण जिंकलं ते कळतं. कोणाला खेळूच दिलं नाही, कधीपर्यंत आणि कोणत्या नियमाने, हे कळत नाही. नाशिकमधल्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना मी सगळ्यात आधी हेच शोधते.

पदक लिहिलं, नियमाचं वर्ष लिहिलं नाही

प्रत्येक पदकाशेजारी आणखी एक रकाना आखा: ही स्पर्धा महिलांसाठी कधी सुरू झाली? कर्णम मल्लेश्वरीने 2000 साली सिडनीत वेटलिफ्टिंगचं कांस्य मिळवलं, भारतीय महिलेचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. महिलांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये आलंच त्या वर्षी. पुरुषांचं 1896 च्या पहिल्या ऑलिम्पिकपासून होतं. मेरी कोमचं कांस्य 2012 चं, आणि महिलांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलं तेही 2012 ला. महिलांची कुस्ती 2004 ला आली, साक्षीचं पदक 2016 चं. 1984 ला 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत उषाचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण महिलांसाठी ती शर्यत ऑलिम्पिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा झाली, हे फार थोड्यांच्या प्रकल्पात येतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. (या दोन पदकांची अदलाबदल फार होते, तेवढं जपा.) त्यांचा जन्म 1985 चा. त्या वर्षापर्यंत ऑलिम्पिकमध्ये महिलांची 10,000 मीटर शर्यत झालेलीच नव्हती. पुरुष 1912 पासून ती धावत होते. महिलांसाठी ती 1988 ला सोलमध्ये आली. हरसूल भागातल्या एका पाड्यावरची मुलगी आणि जगाचा नियम एकाच पानावर आले की प्रकल्पाला दिशा मिळते.

कविता यांच्याबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक लेखात त्या अनवाणी धावायच्या हे असतं. ते लिहा, पण तिथेच थांबू नका. पाड्यावरून नाशिकपर्यंत मुलगी कशी पोचली? भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे सराव सुरू झाल्यावर राहण्या-खाण्याची सोय काय होती, बूट कुठून आले? गरिबीचं वर्णन करून वाचकाचे डोळे भरून येतील. समानतेबद्दल काही कळायचं असेल तर मैदान, प्रशिक्षक, वसतिगृह आणि पैसा यांचा माग काढावा लागेल. आणि समानता फक्त मुलगा-मुलगी एवढीच नसते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी मुली आणि नाशिक शहरातल्या कॉलेज रोडवरच्या मुली यांच्यात किती अंतर आहे, तेही मोजा.

अमेरिकेचा कायदा भारताला चिकटवला

इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात आधी ‘टायटल नाईन’ समोर येतो, आणि अर्धा प्रकल्प त्याच्यावरच होतो. तो 1972 चा अमेरिकन कायदा आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला तो बंदी करतो. त्याच्या मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नाही, खेळाला तो पुढे लागू झाला. तुलनेसाठी जरूर घ्या. पण भारताबद्दल लिहिताना आधार इथलाच हवा: संविधानाचं कलम 15, त्यातलं स्त्रियांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारं उपकलम 3, आणि संयुक्त राष्ट्रांचा 1979 चा महिला भेदभाव निर्मूलन करार. या करारात खेळ आणि शारीरिक शिक्षणात समान संधीचा स्पष्ट उल्लेख आहे आणि भारताने 1993 ला त्याला मान्यता दिली. शिवाय संविधानानुसार खेळ हा राज्यसूचीतला विषय आहे, म्हणजे बरेच प्रश्न दिल्लीला नाही, मुंबईला विचारायचे असतात.

मथळा वाचला, आकडे वाचले नाहीत

‘क्रिकेटमध्ये समान वेतन’ हे वाक्य दर दुसऱ्या प्रकल्पात सापडतं. ऑक्टोबर 2022 मध्ये बीसीसीआयने समान केली ती मॅच फी: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6 लाख, टी-20 ला 3 लाख. वार्षिक करार हा वेगळा हिशेब. त्या वेळी पुरुषांची वरची श्रेणी 7 कोटींची होती आणि महिलांची 50 लाखांची. शिवाय फी सामन्यागणिक मिळते, तेव्हा वर्षाला किती सामने खेळायला मिळतात हाही समानतेचाच प्रश्न झाला. निर्णय महत्त्वाचा होता, आनंदाचाही होता. म्हणूनच तो नेमका लिहा.

क्रिकेटवरच लिहिणार असाल तर आणखी एक अडचण येईल: जुन्या महिला क्रिकेटचे तपशील बीसीसीआयच्या कागदांत शोधून मिळत नाहीत. 2006 पर्यंत महिला क्रिकेट 1973 ला स्थापन झालेल्या वेगळ्या संघटनेकडे होतं, भारतीय महिला क्रिकेट संघटनेकडे. त्या नावाने शोधा. महिलांचा पहिला विश्वचषक 1973 चा, पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन वर्षं आधीचा, हेही तिथेच हाती लागेल.

एक बातमी म्हणजे पुरावा नव्हे

1928 च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांची 800 मीटर शर्यत झाली. जर्मनीची लीना राडके जागतिक विक्रमासह जिंकली. दुसऱ्या दिवशी काही वर्तमानपत्रांनी लिहिलं की 11 जणी धावल्या, पाच जणींनी मध्येच शर्यत सोडली, बायका कोसळल्या. प्रत्यक्षात अंतिम फेरीत 9 जणी होत्या आणि सगळ्यांनी शर्यत पूर्ण केली. तरी महिलांना एवढं अंतर झेपत नाही हा समज पक्का झाला आणि ही शर्यत ऑलिम्पिकमधून गेली, ती 1960 ला परत आली. बत्तीस वर्षं! त्या बातम्यांचा इतिहासाला उपयोग आहेच, पण तो त्या काळचे पत्रकार बाईच्या शरीराकडे कसं बघत होते ते दाखवायला. शर्यतीत काय झालं याचा पुरावा अधिकृत निकालात शोधायचा.

‘पहिली महिला’ या शब्दांपाशीही असंच थबका. भारताची पहिली महिला ऑलिम्पिकपटू म्हणून 1952 च्या नीलिमा घोष यांचं नाव सर्रास दिलं जातं. पण 1924 ला पॅरिसमध्ये नोरा पॉली भारतातर्फे टेनिस खेळल्या होत्या. एआयला विचारून आलेलं उत्तर असो की एखाद्या वेबसाइटवरचं, ‘पहिली’ दिसली की दुसरीकडे ताडून बघा आणि कोणत्या खेळातली, कोणत्या स्पर्धेतली पहिली ते लिहा.

“मॅडम, नाशिकचं काही मिळतच नाही”

मिळतं, फक्त ते गूगलवर नसतं. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. ‘गावकरी’, ‘देशदूत’चे जुने अंक शोधायचे असतील तर ‘महिला खेळांच्या बातम्या दाखवा’ असं मोघम विचारू नका. एक वर्ष धरा, शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे महिने धरा आणि क्रीडा पान चाळा. मुलांच्या बातमीला किती ओळी, मुलींच्या बातमीला किती, फोटो कोणाचा छापला, हे मोजून तक्ता केला तरी तुमचा स्वतःचा पुरावा तयार होतो.

त्याहून मोठा खजिना शाळेतच असतो. जुने वार्षिकांक, संमेलनाचे अहवाल, चषकांवर आणि ढालींवर कोरलेली नावं. आणि एक गोष्ट कोणी मागतच नाही: डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. मुलांसाठी काय साहित्य घेतलं, मुलींसाठी काय, कोणत्या वर्षी, किती रुपयांचं, हे त्यात असू शकतं. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या आणि रजिस्टर कार्यालयात बसूनच बघा.

माग हरवतो तो बहुतेक नावापाशी. 1970 च्या संघातली खेळाडू आज सापडत नाही, कारण लग्नानंतर तिचं आडनाव बदललं, कित्येकींचं तर पहिलं नावही. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं नोंदवा. संघाचा फोटो घेऊन त्या काळच्या पीटीच्या बाईंकडे किंवा वर्गमैत्रिणींकडे जा. त्या एकीकडून दुसरीकडे पोचवतात.

मुलाखतीतला चुकीचा प्रश्न

“तुम्हाला समान संधी मिळाली का?” असं विचारलंत तर समोरच्या मावशी हसून “हो, मिळाली की” म्हणतील आणि मुलाखत संपेल. त्याऐवजी विचारा: सरावाला किती वाजता जायचात, परत येताना सोबत कोण असायचं? कबड्डीला काय घालायचात, आणि त्यावर घरचे काय म्हणाले? मैदानावर कपडे बदलायला खोली होती का? बाहेरगावच्या स्पर्धेचं भाडं कोणी भरलं? पाळीच्या दिवसांत काय करायचात? हा शेवटचा प्रश्न शक्यतो मुलींनीच विचारावा, आणि आधी विचारू का म्हणून परवानगी घ्यावी. खेळ कधी सुटला, हे मात्र चुकवू नका. या एका उत्तरात लग्न, नोकरी, सासर सगळं येतं.

वर्ष आठवत नसेल तर दटावून आकडा काढू नका. “सिंहस्थाच्या (कुंभमेळ्याच्या) आधी की नंतर?” असं विचारा. 1980, 1991, 2003, 2015 हे नाशिककराच्या डोक्यात पक्के असतात. दिल्लीचे 1982 चे आशियाई खेळ हीसुद्धा चांगली खूण. मग छापील पुराव्याशी ताडा, आणि जुळलं नाही तर दोन्ही गोष्टी लिहा.

रेकॉर्डिंगआधी होकार घ्या. फोन नंबर आणि पत्ता प्रकल्पात छापू नका. मजकूर तयार झाला की त्यांना वाचून दाखवा, आणि त्या म्हणाल्या “हे काढ”, तर काढा. शेवटी एक प्रत त्यांना आणि एक शाळेच्या ग्रंथालयाला द्या, म्हणजे पुढच्या तुकडीला नव्याने सगळं शोधावं लागणार नाही.